खुलासा : ग्वाल्हेरच्या मेळ्यात गाडी निम्म्या किमतीत मिळत नाही

‘मेळ्यात गाडीवर 50 टक्के सूट, फक्त विमा शोरूमचाच घ्यावा लागतो’ असा निरोप लष्कर भागातल्या मराठी मंडळींत फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चूक.

ग्वाल्हेर व्यापार मेळ्यातली सूट रोड टॅक्सवर असते, गाडीच्या किमतीवर नाही. समजा टॅक्स 80,000 रुपये झाला, तर वाचतात 40,000. तीही त्या वर्षीचा शासनाचा आदेश निघाला तरच. तोवर बुकिंगची घाई नको. ही सूट सरकारची. विक्रेता ती आपल्या डिस्काउंटमध्ये मोजून दाखवत असेल, तर त्याने स्वतःच्या खिशातून काय सोडलं ते वेगळं विचारा.

कोटेशन ओळीओळीने लिहून घ्या. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आलेला असतो. ‘हँडलिंग’ची, म्हणजे शोरूमने लावलेल्या वरखर्चाची, ओळ दिसली की काढायला लावा. विमा कुठूनही घेता येतो: थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) 3 वर्षांचा सक्तीचा, ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) 1 वर्षाचा चालतो. बाहेरचा भाव काढताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) सारखेच ठेवा, नाहीतर स्वस्त वाटणारी पॉलिसी मुळात तोकडी निघते. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) मात्र चुकत नाही. तो रिटर्न भरताना वळता होतो.

शिवाय चॅसी नंबरावरून गाडी कधी बनली ते विचारा. फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, महिना-वर्ष येतंच. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तरी पुढे विकताना मागच्या वर्षाचीच धरतात. भाव पाडायला एवढं कारण पुरतं.