‘घेऊन दाखवा’ असं कुणी म्हणालंच नाही

फुफ्फुसाचे आजार टाळायचे तर पेशंटइतकंच डॉक्टरांनाही शिकवायला हवं, हे तुमच्या लेखात स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. एरवी सगळा उपदेश पेशंटलाच. माझे वडील दोन वर्षं इनहेलर चुकीचा घेत होते. आधी दाबायचे, मग श्वास ओढायचे. निम्मं औषध जिभेवरच. तीन डॉक्टर झाले, प्रत्येकाने डोस वाढवला, पण ‘माझ्यासमोर घेऊन दाखवा’ असं एकही म्हणाला नाही. शेवटी एका नर्सबाईंनी पाच मिनिटांत शिकवलं: हलवा, श्वास पूर्ण सोडा, सावकाश आत ओढायला लागताच दाबा, मग 10 सेकंद रोखून धरा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची, हेही तेव्हाच कळलं.

आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची चाचणी? बीपी लगेच मोजतात, पण वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याने जिना चढताना धाप लागते म्हटलं की ‘वय झालं’ म्हणून बोळवण. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजारात, गेलेली ताकद पुरती परत येत नाही हो! एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होणारेही पुष्कळ. सुरुवातीचा सीओपीडी त्यात बहुतेकदा दिसतच नाही.