शी होईपर्यंत पॉटवरून उठू द्यायचं नाही?

‘दीड वर्षानंतरही मूल डायपरमध्ये, म्हणजे आईचा आळस. आपल्या आज्या वर्षाच्या आत शिकवायच्या. डायपरने किडनी खराब होते. उपाय एकच : शी होईपर्यंत पॉटवरून उठू द्यायचं नाही.’ हा मेसेज आमच्या ठाण्याच्या फॅमिली ग्रुपवर तिघांनी टाकला. मी सोडून दिलं. मग तो खारघरला बहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचला, आणि माझा २२ महिन्यांचा भाचा रोज सकाळी पाऊण-पाऊण तास पॉटवर रडत बसू लागला. आता पॉट दिसला की तो पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभा राहतो. चार-चार दिवस शी नाही.

म्हणून आधी तो ‘उपाय’. मूल शी रोखतं तेव्हा आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं आणि ती कडक होते. करताना दुखतं, म्हणून मूल आणखी रोखतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर गुदाशय ताणला जातो, लागल्याची जाणीवच बोथट होते, आणि अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, नाहीतर मुद्दाम करतोय. की पुन्हा ओरडा! हे लिहिणाऱ्याने असं कळवळणारं मूल कधी पाहिलंय का?

आणि एवढं करून मिळतं काय? अमेरिकेतल्या सुमारे ४०० मुलांचा अभ्यास २००३ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. लवकर सुरुवात केलेल्यांचं थोडं लवकर आटपलं, पण शिकण्यात महिने जास्त गेले. बहुतेक मुलांना २७ महिन्यांआधी नेटाने शिकवून फारसा फायदा नाही, असा निष्कर्ष निघाला. आमचा तर २२ चाच आहे!

किडनीचं साफ खोटं. लघवी शरीराबाहेर आल्यावर डायपर ती शोषतो. वेळेवर बदलला नाही तर पुरळ येतं, ती गोष्ट वेगळी.

आज्यांचं म्हणाल तर आमची आजी बाळ झोपून उठलं, दूध पिऊन झालं की त्याला दोन्ही पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ करायची. वेळ आजीला कळायची, बाळाला नव्हे. घरात चार बायका असायच्या, लंगोट हाताने धुवायचे असायचे, म्हणून सगळ्यांची नजर असायची. माझी बहीण मुलाला पाळणाघरात सोडून सीएसएमटीची लोकल पकडते. तिला आळशी म्हणणाऱ्याने एक आठवडा तिच्या जागी काढून दाखवावा.

एक मात्र मान्य करावं लागेल. डायपरमुळे उशीर होऊ शकतो. ओला लंगोट लगेच गार लागायचा. जेलचा डायपर ओल आत घेतो, मुलाला काही झाल्याचं कळतच नाही. सुट्टीच्या दिवशी घरात सुती चड्डी घालावी, फरशी पुसावी लागेल. पण रडवून बसवणं नाही.

डॉक्टरांनी भाच्याला शी मऊ करणारं औषध दिलंय आणि पॉट काही दिवस नजरेआड ठेवायला सांगितलाय. सासूबाईंनी स्वतःच तो माळ्यावर टाकला. ज्या तिघांनी मेसेज टाकला, त्यांनी तो जिथे जिथे पुढे पाठवला असेल तिथे आता हे पाठवावं.