‘शेजारी’ हा शब्द मागे घेतो : द्राक्षांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. द्राक्षाच्या पेटीमुळे निफाडचा शेतकरी आणि युरोपातल्या रॉटरडॅमचा गिऱ्हाईक शेजारी झाले, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, “शेजारी अडीनडीला धावून येतो. २०१० साली कोण आलं? निर्यातीच्या नादानं आपलं द्राक्ष परकं झालं आणि शेतकरी न पाहिलेल्या माणसाचा गडी झाला. हे तोडलंच पाहिजे. वडिलांना विचारा, पुन्हा यात पडतील का?”

‘शेजारी’ हा शब्द चुकला. बांधाला बांध लागला की भांडणंही होतात, पण समोर उभं राहून भांडता तरी येतं. रॉटरडॅमशी कसं भांडणार?

२०१० आमच्या घरानं भोगलंय. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड बसावेत म्हणून लिहोसिन हे वाढ रोखणारं औषध मारायची तेव्हा सर्रास पद्धत होती. दुकानात ते उघड मिळायचं. माल पाठवण्याआधी त्यात औषधांचे अंश आहेत का, याची आपल्याकडे तपासणी होऊन रिपोर्ट मिळतो; लिहोसिनमधलं क्लोरमेक्वाट क्लोराइड त्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपात मात्र त्याची मर्यादा तेव्हा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. कंटेनर तिकडे पोचले आणि अंश सापडला. आम्हाला कळलं ते निर्यातदाराच्या फोनवरून. त्या मालाचे पैसे अडकले, ते शेवटपर्यंत आले नाहीत. वडील कितीतरी दिवस एकच वाक्य बोलायचे, “रिपोर्ट तर पास होता.”

त्या वाक्याची सल मला अजून आहे. युरोपनं विषारी अंश नाकारला, याचा मला राग नाही. तो नाकारायलाच हवा. राग याचा आहे की माल महिन्याभरात समुद्र ओलांडून जातो आणि एका औषधाची माहिती आमच्या बागेपर्यंत येत नाही. चूक यादीची होती, पैसे आमचे बुडाले.

तरी ‘आपलं द्राक्ष परकं झालं’ हे मला पटत नाही. हे द्राक्ष परक्या मातीतूनच आपल्याकडे आलंय. थॉमसन सीडलेस मूळचं पश्चिम आशियाकडचं. त्याला नाव मिळालं कॅलिफोर्नियात, एकोणिसाव्या शतकात. त्याच वाणातून आपल्या शेतकऱ्यांनी तासगावकडे तास-ए-गणेश निवडलं, सोलापूरकडे सोनाका. आपली बाग डॉगरिजच्या खुंटावर उभी आहे ना? तो अमेरिकेतल्या रानद्राक्षाच्या कुळातला. खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून आपण तो घेतला. आणि घड ज्यात बुडवतो ते जीए! जपानी भातशेतीत एक रोग होता, रोपं उंचच उंच वाढून लोळायची. तो बुरशीच्या स्रावामुळे होतो, हे कुरोसावा नावाच्या संशोधकानं १९२६ मध्ये दाखवलं. त्या स्रावातलं द्रव्य म्हणजे आपलं जिबरेलिक ॲसिड. मणी फुगवायला आपण रोज हात घालतो त्या बादलीत कुणाच्या तरी भाताचा रोग आहे. यातलं काय काय तोडायचं?

आणि जवळचा बाजार तरी कुठं निर्धोक आहे? दरवर्षी कुणीतरी व्यापारी येतो, आठ दिवस रोख देतो, विश्वास बसला की उधारीवर गाड्या भरतो आणि गायब होतो. नाशिक जिल्ह्यात अशी फसगत किती घरांची झाली, ते तुम्ही माझ्याइतकंच जाणता. माणूस जवळचा असला म्हणून व्यवहार चोख होत नाही.

मार्च २०२१ मध्ये, ऐन हंगामात, ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं होतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. वाढलेलं भाडं आणि मऊ पडलेला माल, दोन्हींचा भार शेवटी बागेवरच्या भावात उतरतो. माझा झगडा याच्याशी आहे. जोखीम कुणी किती उचलायची हे आधी कागदावर ठरावं, त्यासाठी शेतकऱ्यांचा गट असावा, आणि रिपोर्ट पास असूनही माल नाकारला गेला तर भरपाई मिळावी. तुम्ही ‘तोडा’ म्हणता तिथे मी ‘करार बदला’ म्हणतो.

एका गोष्टीवर तुम्ही बोट ठेवलं नाहीत, पण ‘गडी’ हा शब्द वाचून मलाच ती बोचली. मागच्या अख्ख्या लेखात मजूर कुठेच नव्हते. पेठ आणि सुरगाण्याहून टोळ्या येतात, थिनिंग करतात म्हणजे घडातले जादा मणी काढतात, डिपिंग करतात म्हणजे घड जीएत बुडवतात. आमच्याकडे येणाऱ्या एक मावशी मापाची रिंग न लावता मण्याचा आकार सांगतात. अठरा मिलिमीटर म्हणजे अठराच भरतो. त्या असतात तोवर मुलं शेडमध्ये असतात, शाळा तिकडे गावी. २०१० मध्ये आमचे पैसे बुडाले तेव्हा वडिलांनी त्यांची मजुरी दिली, पण दोन महिने उशिरा. त्या दोन महिन्यांत त्यांनी घर कसं चालवलं, हे मी आजवर विचारलेलं नाही. या हंगामात विचारणार आहे, आणि त्यांना चालणार असेल तर लिहीनही.

वडिलांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी फवारणीची वही पुढे केली. तीन एकरांपैकी दोन एकर निर्यातीसाठी नोंदवलेत, एक एकर इथल्या बाजारासाठी ठेवलाय. २०१० पर्यंत तिन्ही एकर निर्यातीचे होते.