उलट क्रमाने

जुन्या मोटरसायकलच्या मॅन्युअलमध्ये इंजिन उतरवण्याची कृती साडेचार पानं भरून दिलेली असते. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, चेन कुठे धरायची, सगळं आकृत्यांसकट. मग जोडणीचं प्रकरण येतं आणि ते एका ओळीत संपतं : 'जोडणी उलट क्रमाने करावी.' ही ओळ लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी काही जोडलं असेल असं मला वाटत नाही.

माझी गाडी जावा २५०. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर आणि गिअरचा व किकचा मिळून एकच दांडा. ज्यांनी ही गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दांडा पुढे असतो तेव्हा तो गिअर असतो. तोच आत दाबून, वर उचलून मागे वळवला की किक होतो. शिवाय पायाने गिअर बदलताना आतल्या आत क्लचही तोच दाबतो, म्हणजे हाताने क्लच दाबायचा राहिला तरी गाडी रागावत नाही. क्लचची ही हुशारी १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या 'पेराक' जावापासूनची. तिचं डिझाइन चेक इंजिनिअरांनी युद्धकाळात, जर्मनांच्या नाकाखाली, चोरून केलं होतं. जी यंत्रणा जर्मन सैन्याला सापडली नाही, ती मला रविवारी दुपारी समजेल ही माझी अपेक्षाच मुळात अवास्तव होती.

इंजिन खोलायला एक दिवस लागला. खोलताना माणूस फार आनंदात असतो. प्रत्येक पेच निघाला की आपल्याला कळतंय असं वाटतं. मी सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, आणि उलट क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकाशेजारी आकडा लिहिला. रात्री रॉकेल कागदात पसरलं. सकाळी आकडे शाईसकट विरघळले होते आणि त्यांच्या जागी कालच्या बातम्या अधिक ठळक झाल्या होत्या.

"आता कसं लावणार?" बायकोने विचारलं.

"मेंदूत आहे सगळं."

"मग तिथेच लावा. गॅलरी मोकळी होईल."

गिअरबॉक्सपासून सुरुवात केली. दोन शाफ्ट, त्यांवर सरकणारे गिअर आणि त्यांना इकडून तिकडे ढकलणारे फोर्क. फोर्क गिअरच्या खाचेत बसवावा तर शाफ्ट निसटतो, शाफ्ट धरावा तर फोर्क आडवा होतो. ज्याला दोनच हात आहेत अशा प्राण्यासाठी हे काम नाही. अखेर सगळं बसलं. केस, म्हणजे इंजिनचं दोन अर्ध्यांचं कवच, बंद करण्याआधी गिअर टाकून बघावेत एवढी अक्कल मला होती. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडेना. सगळं परत काढलं, परत लावलं. तिसरा नाहीच. तिसऱ्यांदा काढण्याआधी मी हार मानून ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन लावला.

"शाफ्ट फिरवताय का साहेब, गिअर टाकताना?"

"नाही."

"फिरवा."

शाफ्ट फिरवला आणि तिसरा गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा पडला. गिअरच्या बाजूचे दात समोरच्या खाचांसमोर यायला शाफ्ट हलता असावा लागतो. बंद इंजिनवर उभ्या गाडीचे गिअर अडतात तेही याचसाठी, हे मला वीस वर्षं माहीत होतं. फक्त हातात पाना आला की माहीत असलेलं आठवत नाही.

पॅकिंग लावलं, सोल्युशन फासलं, केसचे दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवले, बोल्ट आवळले. हात पुसायला चिंधी उचलली तर चिंधीखाली एक शिम. नखाएवढ्या जाडीचा, नाण्यासारखा गोल, मधे भोक. हा पातळ वायसर तेलामुळे केसच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो आणि केस उघडताना कधीतरी गुपचूप खाली गळतो. शाफ्टचा आडवा खेळ मापात ठेवणं हे त्याचं काम. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. "एवढासाच तर आहे," असं मी मोठ्याने म्हणालो. शेजारी कोणी नव्हतं, पण तरी पटवता आलं नाही. बोल्ट सोडले.

किकची स्प्रिंग हा वेगळाच विषय आहे. ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी, नुसती अडकवून चालत नाही, पीळ देऊन, ताण धरून बसवावी लागते. ती पक्कडमधून सुटली की आधी अंगठ्यावर येते आणि मग देवाचं नाव तोंडात येतं. पहिल्यांदा मी ताण कमी दिला. किक मारली तर दांडा खाली गेला तो तिथेच राहिला, लग्नात मानापमानावरून रुसून बसलेल्या मामासारखा. त्याला हाताला धरून वर आणावं लागे.

पिस्टनची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण अजून दुखते. गजन पिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी खीळ, जागेवर राहावी म्हणून दोन्ही बाजूंना तारेचं लॉक बसवतात. ते बसवताना क्रँककेसचं, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीचं, तोंड कापडाने बुजवायचं असतं. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. लॉक चिमट्यातून उडालं. लॉक उडून फरशीवर पडलं तर 'टिंग' वाजतं. मी कान देऊन थांबलो. टिंग आलं नाही. ते आलं नाही याचा अर्थ ज्याला कळतो त्याच्या पोटात त्या क्षणी काय होतं ते लिहिता येणार नाही. बॅटरी, लोहचुंबक, आरसा असं सगळं घेऊन पाऊण तास क्रँककेसच्या अंधारात डोकावलो. लॉक माझ्या लेंग्याच्या दुमडीत होतं. तरी ते वापरलं नाही, नवीन टाकलं. काढलेलं लॉक परत वापरायचं नसतं, एवढं एक मी मॅन्युअलचं ऐकलं.

राहिलं टायमिंग. पिस्टन वर पोचण्याच्या जरासा आधी पॉइंट उघडून ठिणगी पडली पाहिजे. मी तो 'जरासा' थोडा सढळ हाताने दिला.

आठव्या दिवशी संध्याकाळी किक मारली. दमलेल्या माणसाची किक होती ती, अर्धवट. दांड्याने पायाला उलटा हिसका दिला आणि इंजिन चालू झालं! आवाज जरा घोगरा, पण चालू. बायको टाळ्या वाजवत दारात आली. मी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे गेली.

मागे. मला घेऊन. रॉकेलचं घमेलं उलटं करून भिंतीला टेकली.

मिस्त्री फोनवर बराच वेळ हसले, मग समजावून सांगितलं. अशा साध्या टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो, त्यामुळे क्रँक कुठल्या दिशेने फिरतोय याची इंजिनला पर्वा नसते. ठिणगी फार लवकर पडली आणि किक नेटाची नसली, की पिस्टन वर पोचण्याआधीच परत फेकला जातो आणि इंजिन उलटं धावू लागतं. १९५५ मध्ये आलेल्या 'मेसरश्मिट केआर २००' या जर्मन तीनचाकीत तर हे मुद्दाम केलेलं होतं. रिव्हर्स गिअर नाहीच, इंजिन बंद करून उलटं चालू करायचं आणि चारही गिअर मागे जायला मोकळे.

"बंद करा, टायमिंग मागे घ्या आणि नेटाने किक मारा," मिस्त्री म्हणाले.

"पुस्तकात उलट क्रमानेच लिहिलं होतं ना?" बायको फडकं घेऊन रॉकेल पुसत म्हणाली.

मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. इंजिन अजून घोगरत होतं. बंद करायच्या आधी एकेक गिअर टाकून बघितला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मागचं चाक उलटं फिरत होतं, पण तिसरा अगदी लोण्यासारखा पडत होता.