गप्प बसणारं लेकरू कुणाला दिसत नाही

दारूड्या बापांच्या लेकरांवरचा एक लेख वाचला, त्यात बाप पितो म्हणून लेकरं शाळा सोडतात एवढंच आलंय, पण जी शाळेत येतात अन् मागच्या बाकावर गप्प बसतात त्यांचं काय? मी बीड जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडं उसतोडीची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, हातात पडली की बऱ्याच घरात आधी दारू येते, मग संध्याकाळी बाप किती पिलाय ते लेकरू त्याच्या पावलांच्या आवाजावरूनच ओळखतं, रात्रभर झोप नाही अन् सकाळी आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. थोरल्या पोरीचं तर बघवत नाही, धाकट्याला जेवू घालायचं, भांडणात मधी पडून आईला सोडवायचं, बाहेर कुणाला काही सांगायचं नाही. लोक म्हणतात किती समजदार पोरगी! अहो भीतीनं मोठी झालीय ती. अन् लेकरालाच बाटली आणायला पाठवणाऱ्यांनी ऐका, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांकडून दारूची ने-आण करून घेतली तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षकांनो, १०९८ हा लेकरांच्या मदतीच्या हेल्पलाईनचा नंबर पोरांकडून पाठच करून घ्या, फोन फुकट लागतो. बापाच्या व्यसनासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाईन आहे, ती आयांना लिहून द्या.