कार्ड चौपट, जागा तेवढीच

‘नुसतं कॉपी मारायचं की साहेब, त्यात काय एवढं!’ घरातल्या टॅबलेटचे मेमरी कार्ड काढून त्याजागी मोठे कसे घालायचे असे विचारले, तर हा सल्ला मला सांगलीच्या बाजारपेठेतल्या मोबाइलवाल्याने दिला, कचेरीत संगणक बघणाऱ्या मुलाने दिला आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याने तर हातातला मोबाइल खाली न ठेवताच दिला. या तिघांपैकी एकानेही बूट होणारे मेमरी कार्ड आयुष्यात कधी दुसऱ्या कार्डावर नेलेले नाही, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळते. ज्या कार्डावरून टॅबलेट सुरू होतो ते कार्ड आणि ज्यात लग्नाचे फोटो भरून ठेवतात ते कार्ड यांत काही फरक असतो, हे ज्यांच्या गावीही नाही, त्यांना सल्ला द्यायची मात्र भारी घाई.

टॅबलेट आहे नूक कलर. बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्या कंपनीने २०१० साली हे सात इंची वाचनयंत्र काढले, आणि त्याची एक गोष्ट मला आजही मनापासून आवडते: सुरू होताना ते आतल्या मेमरीच्या आधी बाहेरच्या कार्डाकडे बघते. कार्डावर सायनोजेनमॉडसारखी अँड्रॉइडची आवृत्ती बसवली की ते चांगला टॅबलेट म्हणून चालते, आणि कार्ड काढले की पुन्हा पहिल्यासारखे वाचनयंत्र होते. आतल्या मेमरीला धक्काही लागत नाही. आतेबहिणीने ते अमेरिकेहून आणून दिले, आणि तेव्हापासून विश्रामबागेतल्या आमच्या घरात ते आण्णांच्या उशाशी असते. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या गावातल्या निवृत्त शिक्षकाकडे नाट्यपदांचा आणि अभंगांचा किती साठा असू शकतो, याची कल्पना ज्याची त्याने करावी. ८ जीबीचे कार्ड गळ्यापर्यंत भरले होते. ते जाऊन तिथे ३२ जीबीचे यावे, बाकी सगळे होते तसेच राहावे, एवढीच माझी मागणी होती, आणि ती अवाजवी आहे असे मला अजूनही वाटत नाही.

आता त्या ‘नुसत्या कॉपी’चे काय होते ते पाहा. या कार्डावर चार पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे कप्पे, आहेत. पहिले फॅट या फायली मांडण्याच्या पद्धतीचे, त्यात टॅबलेट सुरू करणाऱ्या फायली. दुसऱ्यात अँड्रॉइडची प्रणाली. तिसऱ्यात ॲप आणि त्यांचा डेटा, ही दोन्ही लिनक्स या फुकट संगणकप्रणालीच्या एक्स्टफोर पद्धतीची. आणि चौथे पुन्हा फॅट, ज्यात आण्णांची गाणी. टॅबलेटमधली चिप सुरुवातीला पहिल्या पार्टिशनवर एमएलओ नावाची छोटी फाइल शोधते, आणि ती हवी तशी, हवी तिथे मिळाली नाही तर कार्डाकडे ढुंकूनही न बघता आतल्या प्रणालीवर निघून जाते. शिवाय पार्टिशनचा जो तक्ता कार्डाच्या अगदी सुरुवातीला लिहिलेला असतो, तो कोणत्याही फोल्डरमध्ये दिसत नाही, म्हणजेच तो ‘सिलेक्ट ऑल’ करून उचलताही येत नाही. विंडोजला एक्स्टफोर वाचता येत नाही. तेव्हा खिडकीत दिसणाऱ्या सगळ्या फायली कितीही निष्ठेने नव्या कार्डावर नेल्या तरी मधली दोन पार्टिशने, म्हणजे प्रत्यक्ष टॅबलेटच, जुन्या कार्डावर राहून जातो.

वाचता येत नाही हे एक वेळ समजू शकते, पण तेवढ्यावर भागत नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीच्या आधी अशा कार्डाचे फक्त पहिलेच पार्टिशन दिसत असे आणि बिचारा माणूस बाकीची कुठे गेली म्हणून शोधत बसे. त्यानंतर सगळी दिसू लागली, आणि त्यांच्याबरोबर नवा छळ आला. धडधाकट, चालते कार्ड संगणकात घालावे, तर अनोळखी पार्टिशनमागे एकेक चौकट उघडते आणि सांगते की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. आवश्यक! आपल्याला वाचता न येणारी वही पुसून टाकणे आवश्यक आहे असे म्हणणाऱ्या माणसाला आपण घरात उभे करणार नाही. ‘या पार्टिशनची पद्धत मला ओळखता येत नाही’ असे सरळ वाक्य तिथे लिहायला कोणाचे काय गेले असते? त्या चौकटीने किती घरांतली किती चालती कार्डे कोरी केली असतील, या विचारानेच डोके फिरते. मी त्या चौकटी रद्द करत बसलो, आणि कार्ड काढून घातले की पुन्हा रद्द करत बसलो.

खरा मार्ग असा की जुन्या कार्डाची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची आणि ती तशीच्या तशी नव्या कार्डावर लिहायची. यासाठी विन३२ डिस्क इमेजर नावाचा फुकट प्रोग्राम आहे आणि तो आपले काम चोख करतो, हे त्याच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे. पण त्यात शेजारी शेजारी दोन बटणे आहेत, ‘रीड’ आणि ‘राइट’. कार्डावरून संगणकात आणायचे तेव्हा रीड, संगणकातून कार्डावर न्यायचे तेव्हा राइट. हे मी इथे एका ओळीत लिहिले. ज्या सूचना मी वाचल्या आणि ऐकल्या त्यांपैकी बहुतेकांना ही ओळ सुचलेली नाही, आणि उलटे बटण दाबणाऱ्याचे एकुलते एक चालते कार्ड जाते याची त्यांना खंत नाही. त्यात मायक्रो कार्ड संगणकात घालण्यासाठी जो ॲडॅप्टर लागतो, त्याच्या डाव्या कडेला नखाएवढी सरकपट्टी असते. ॲडॅप्टर खाचेत सरकवताना ती पट्टी अर्धा मिलिमीटर खाली घसरली तरी कार्ड लेखनबंद होते, आणि पडद्यावर येते ती ‘कार्ड लेखनसंरक्षित आहे’ ही गूढ सूचना. जिच्यामुळे हे घडले त्या पट्टीचा उल्लेख नाही. शेवटी मी त्या पट्टीवर चिकटपट्टी लावली.

इमेज लिहिली गेली, टॅबलेट सुरू झाला, गाणी जागच्या जागी होती. आणि मग मोकळी जागा पाहिली, तर तीच, जुन्या कार्डावर उरली होती तेवढी. कारण बाइटला बाइट उतरवताना पार्टिशनच्या जुन्या सीमाही उतरतात. चाळीतल्या चार खोल्या उचलून चौपट मोठ्या प्लॉटवर नेऊन ठेवल्या, तर खोल्या काही मोठ्या होत नाहीत. पलीकडे नुसते मोकळे आवार पडते. त्या आवाराला संगणक ‘अनॲलोकेटेड’ म्हणतो, आणि ३२ जीबीचे पैसे मोजलेला माणूस ८ जीबीच्या घरात राहतो. हे आधी सांगितले असते तर मी काही इमेज काढायची थांबलो नसतो, पण निदान विकणाऱ्याने ‘घातलं की चालतंय की’ म्हणताना जरा चाचरायला हवे होते.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन वाढवण्याची सोय आहे, असे पुतण्या म्हणाला. आहे. फक्त ती एनटीएफएससारख्या पद्धतींसाठी आहे. फॅट३२ च्या पार्टिशनवर गेले की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ ही ओळ फिकट राखाडी होऊन बसते आणि का फिकट झाली ते सांगत नाही. मग इंटरनेटवरचे ‘फुकट’ पार्टिशन प्रोग्राम. यांच्याइतका संताप मला कशाचाच आलेला नाही. त्यातला एक आधी सगळी पार्टिशने रंगीत पट्ट्यांत दाखवतो, कड धरून ओढू देतो, ओढल्यावर नवा आकारही दाखवतो, आणि सगळे मनासारखे झाल्यावर ‘अप्लाय’ दाबले की मगच सांगतो की या कामासाठी सशुल्क आवृत्ती घ्यावी लागेल. किंमत डॉलरमध्ये. हे पहिल्या पानावर लिहिले असते तर मी त्या दारात पाऊलच टाकले नसते, आणि नेमके म्हणूनच ते तिथे लिहिलेले नसते.

अखेर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्यातल्या जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या प्रोग्रामने चौथे पार्टिशन शेवटपर्यंत ताणले. त्याला पैसे लागत नाहीत, आणि काय करणार आहे ते करण्याआधी सांगण्याचा सभ्यपणा त्याच्यात आहे.

पण खरी फसवणूक अजून पुढेच होती. आण्णांच्या एका स्नेह्याकडून आणलेली मैफलींची ध्वनिमुद्रणे मोकळ्या जागेत भरली. यादीत सगळी नावे आली, आकारही बरोबर दिसले, आणि वाजवायला गेलो तर एकही वाजेना. जुनी गाणी वाजत होती, नवी नुसती नावापुरती होती. असे का होते ते कळल्यावर आश्चर्य उरत नाही, फक्त संताप उरतो. बाजारात अशी कार्डे मिळतात की ज्यांच्या आतली चिप ८ जीबीच्या आसपासची असते आणि तिच्या नियंत्रकाला मात्र ‘मी ३२ जीबीचा आहे’ असे सांगायला शिकवलेले असते. फायलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या भागात लिहिली जाते, म्हणून नावे दिसतात. त्यापुढचा मजकूर नसलेल्या जागेत लिहिला जातो, आणि कार्ड तो मुकाट्याने स्वीकारून फेकून देते. लिहिताना चुकीची सूचना नाही, कुरकूर नाही, काही नाही. सी-टी या जर्मन नियतकालिकाचा एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेले परत वाचून पडताळतो. लिनक्सवर हेच काम एफथ्री करतो. मी पडताळणी केली, आणि कार्डाचा पाऊण भाग गेलेल्या डेटाच्या रकान्यात दिसला.

दुकानदाराकडे ते घेऊन गेलो. त्याने कार्ड स्वतःच्या मोबाइलमध्ये घातले, पडद्यावर २९ जीबीच्या पुढचा आकडा आला, आणि तो मला म्हणाला, ‘हे बघा काका, दावतंय की बत्तीस!’ २९ आणि काही हा आकडा बरोबरच आहे, कारण कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि यंत्रे १०२४ च्या पटीत मोजतात. पण मुद्दा दाखवण्याचा नव्हताच, साठवण्याचा होता, आणि तो समजावून सांगेपर्यंत त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला स्क्रीनगार्ड लावायला घेतला. बिल मागितले होते तेव्हा ‘बिल कशाला, जीएसटी वाढतोय’ म्हणाला होता. आता बिलाशिवाय परत घेत नाही म्हणाला. वर ६४ जीबीचे थोड्याच जादा पैशांत देतो म्हणाला, जणू ३२ जीबीपर्यंतचीच कार्डे घेणाऱ्या या जुन्या यंत्राला त्याचा काही उपयोग होता.

दुसरे कार्ड मिरजेतून बिलासकट आणले, आणि या वेळी आधी पडताळले. लिहून तपासायला तास गेले तरी बेहत्तर. कार्डावर ‘क्लास १०’ छापलेले असते, ते सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहिण्याचे वचन आहे, म्हणजे चित्रीकरणासाठी ठीक. प्रणाली कार्डावरून चालते तेव्हा मात्र असंख्य बारीक बारीक तुकडे इकडेतिकडे वाचायचे आणि लिहायचे असतात, आणि त्याबद्दल क्लास १० एक अक्षर बोलत नाही. त्यासाठीची ए१ ही खूण २०१६ मध्ये आली, सेकंदाला किमान १५०० वाचने आणि ५०० लेखने. ती खूण असलेले कार्ड मागितले तर काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे असे पाहिले की मी बहुधा औषधाच्या दुकानात आलो असावा.

आता गाणी वाजतात, जुनी आणि नवी, आणि आण्णा खूश आहेत. माझी तक्रार तिसऱ्या पार्टिशनबद्दल अजून बाकी आहे. ॲप बसतात ती ही जागा साधारण एक जीबीची, आणि तिच्या उजव्या अंगाला चौथे पार्टिशन चिकटून आहे. तिला वाढवायचे तर आधी चौथ्यातली सगळी गाणी बाइट बाइट करत उजवीकडे सरकवावी लागतात, त्याला तासन् तास लागतात, आणि मध्ये वीज गेली तर ना सरकवलेले हाती लागते ना मूळचे. आमचा संगणक बॅटरीशिवायचा आहे आणि आमच्या भागातली वीज कधी जाईल ते ती जाईपर्यंत कोणी सांगत नाही. तेव्हा ते काम मी केलेले नाही आणि करणारही नाही. काल आण्णांसाठी पंचांगाचे ॲप बसवायला गेलो, तर जवळपास वीस जीबी रिकामी असलेल्या त्या कार्डाने मला ‘पुरेशी जागा उपलब्ध नाही’ असे कळवले.