सुटलेला बाण

"याला खायला घालत नाही का हो तुम्ही?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या विचारतात. आधी त्या आमच्या कुत्र्याच्या, बाणाच्या, बरगड्या मोजतात, मग माझ्याकडे आपादमस्तक बघतात, आणि आमच्या घरातलं अन्न नेमकं कुठे जातं याचा उलगडा झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

"काकू, जातच तशी आहे. कारवानी."

"अगंबाई! म्हणजे सगळ्यांनाच उपाशी ठेवतात?"

दोष माझाच. सरळ लॅब्रॅडॉर आणला असता तर काकू म्हणाल्या असत्या, "कित्ती गोंडस!" आणि विषय तळमजल्यापर्यंत संपला असता.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी मला अजिलिटीचं वेड लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : घोड्यांच्या अडथळा शर्यतीचं हे कुत्र्यांनी केलेलं रूप. उड्या, बोगदा, झुलती फळी, ओळीत रोवलेल्या काठ्या, हे सगळं ठरलेल्या क्रमाने, आणि सोबत मालकाने धावायचं. १९७८ साली लंडनमध्ये क्रफ्ट्स नावाच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांना करमावं म्हणून हा खेळ पहिल्यांदा दाखवला. म्हणजे मूळचा मध्यंतरातला वडा. पण लोकांना तोच आवडला. त्याच्या जोडीला ओबीडियन्स, म्हणजे आज्ञाधारकपणाची परीक्षा : पायाशी चालणं, बसणं, थांबणं, बोलावल्यावर येणं. वर्णन वाचताना मला सारखी आमच्या लेकाची आठवण येत होती. त्याच्या बाबतीत जे हुकलं ते इथे साधेल असं वाटलं.

गावाबाहेरच्या मैदानावर शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, बॉर्डर कॉली घ्या. नाहीतर लॅब, जर्मन शेफर्ड. शिकतील."

त्या 'शिकतील'मध्ये, इतर शिकणार नाहीत, असं गृहीत होतं. तिथेच माझी अस्मिता जागी झाली. मी लातूर जिल्ह्यातली. आमच्या मामाच्या शेतावर कारवानी कुत्री पिढ्यान्पिढ्या आहेत : लांब तोंड, कमानीसारखी पाठ, पोट आत गेलेलं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची मेंढ्या वळणारी कुत्री इथे येऊन बक्षिसं नेणार, आणि आपलं कुत्रं बांधावर झोपून राहणार?

घरी मी भाषणच केलं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, पंचम जॉर्जला तिची जोडी भेट दिली, २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं!

"तिकिटावर आहे म्हणून घरात आणायचं?" नवरा म्हणाला. "तिकिटावर वाघसुद्धा आहे."

महिन्याभरात पिल्लू उदगीरहून जीपने आलं. येतानाच मामाने त्याचं नाव ठेवलं होतं, बाण. सुटलेला बाण परत येत नाही हे आपण शाळेत शिकलेलो असतो, तरी ती धोक्याची सूचना तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. पुढे कागदपत्रांच्या निमित्ताने कळलं, की याच कुत्र्याला देशातला एक केनेल क्लब कारवान हाउंड म्हणतो आणि दुसरा मुधोळ हाउंड. मला काही अडचण आली नाही. कोणत्याही नावाने हाक मारली तरी तो येत नव्हता.

शिक्षण सुरू झालं. कॅनडातल्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९९४ मध्ये कुत्र्यांच्या जातींची हुशारीनुसार यादी केली होती. पहिला नंबर बॉर्डर कॉलीचा : नवी आज्ञा पाचापेक्षा कमी वेळा सांगून कळते आणि शंभरात पंचाण्णव वेळा पहिल्याच हाकेला पाळली जाते. तळाशी अफगाण हाउंड : ऐंशी ते शंभर वेळा सांगा, आणि कळल्यावरही चारांत एकदा ऐकेल. कारवानीचं नाव त्या यादीत नाही, पण अफगाण हाउंडचा फोटो मी बाणाशेजारी धरून पाहिला. केस सोडले तर चुलतभाऊच.

'सिट' शिकवायला सहा आठवडे लागले. या कुत्र्यांच्या मांड्या म्हणजे नुसते ताणलेले स्नायू, त्यामुळे बसणं त्यांना सुखाचं नसतं, हे मला मागाहून समजलं. बाण बसायचा, पण बूड जमिनीपासून चार बोटं वर. बाकाचा रंग ओला तर नाही ना, अशा बेताने. 'डाऊन' म्हटलं की आधी दवाने भिजलेल्या गवताकडे बघायचा, मग माझ्याकडे. त्या नजरेत 'आधी तुम्ही' असं स्वच्छ लिहिलेलं असे.

"बक्षीस चांगलं हवं," सर म्हणाले. "उकडलेलं चिकन द्या." आमच्या घरात अंडं फक्त केकमधलं चालतं. सासूबाईंनी बाल्कनीत वेगळी शेगडी मांडायला परवानगी दिली, पण त्या दिवसापासून त्या तुळशीला पाणी घालायला स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबूनच तांब्या सोडायला लागल्या. इतकं करून बाणाने चिकनचा तुकडा हुंगला आणि मैदानाच्या टोकाला बसलेल्या एका बगळ्याकडे बघत उभा राहिला.

मी मामाला फोन केला.

"बसायला शिकवायलीस? कुत्र्याला?" मामा. "अन् त्याच्यासाठी पैशे भरायलीस?"

मग मामाने जे सांगितलं ते सरांनी कधी सांगितलं नव्हतं. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याला दर क्षणी धन्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं : डावीकडे का उजवीकडे, थांबू का जाऊ. पण सशामागे लागलेलं कुत्रं 'आता काय करू' म्हणून मागे वळलं, तर ससा पार पुढच्या शिवारात. शेकडो वर्षं लोकांनी मागे न बघणारीच कुत्री निवडून निवडून ठेवली, आणि आता मी त्यातल्या एकासमोर उकडलेलं चिकन नाचवत 'माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ' म्हणत होते. (सशाची शिकार आता कायद्याने बंद आहे. हे मामाला माहीत आहे. बाणाला नाही.)

ही माहिती आधी मिळाली असती तर मी कॉली घेतली असती का? बहुतेक नाही. पण चिकन तरी वाचलं असतं.

अडथळ्यांची गत याहून वेगळी नव्हती. बोगद्याचा व्यास ६० सेंटिमीटर, बाणाची खांद्यापाशी उंची ७०. वाडा सोडून खोपटात राहायला आलेल्या इनामदारासारखा तो वाकून आत शिरे. बारा काठ्यांमधून नागमोडी जायचं, पहिली काठी डाव्या खांद्याला ठेवून. शेजारची कॉली शिवणयंत्राच्या सुईसारखी सरसर निघून जाई. बाण ओळीच्या कडेकडेने, लग्नाच्या मांडवाचे खांब तपासणाऱ्या काकांसारखा चालत जाई. ओबीडियन्समध्ये परीक्षक कुत्र्याला हात लावून बघतात. परीक्षकाचा हात पुढे आला की बाण एक पाऊल मागे जाई. ओळख नसताना अंगाला हात म्हणजे काय!

उड्या मात्र काय सांगू. ६० सेंटिमीटरची दांडी तो उंबरा ओलांडल्यासारखा ओलांडायचा. त्या चार सेकंदांसाठी मी दोन वर्षं पहाटे पाचला उठले.

शेवटी स्पर्धेचा दिवस आला. शिट्टी झाली. पहिल्या तीन दांड्या बाणाने पार केल्या तेव्हा मी पहिलीपाशी होते. बोगदाही, चक्क, झाला. सासूबाई प्रेक्षकांत उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. आणि तेवढ्यात वडापावच्या गाडीकडून एक पांढरी प्लास्टिकची पिशवी उडत आली. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असलेली.

परदेशात अशा पळणाऱ्या शिकारी कुत्र्यांसाठी वेगळाच खेळ आहे. त्यात दोरीला बांधलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी यंत्राने मैदानभर पळवतात आणि कुत्री तिच्यामागे सोडतात. बाणाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला सांगावं लागलं नाही.

रिंगणाची दोरी ओलांडून तो गेला. "कम!" मी ओरडले. "बाण, कम!" मग "अरे ये!" आणि शेवटी, दोन वर्षांचं शिक्षण विसरून, मामाच्या बांधावरचं "यू, यू, यू!" पिशवी वाऱ्यावर मैदानाला वळसा घालत होती, मागे बाण, चारही पाय एकदम हवेत. गोंगाट थांबला. कॉलीवाल्यांनी फोन वर केले. परीक्षकबाई घड्याळ हातात धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि ते त्यांनी बंद केलेलं नव्हतं.

पिशवी कुंपणाच्या तारेला अडकली. बाणाने ती हुंगली, पिशवीच आहे अशी खात्री केली, आणि सावकाश चालत माझ्यापाशी येऊन बसला. चार बोटं वर.

निकालाच्या कागदावर एकच शब्द होता, 'बाद'. एक तरुण धावत आला. "मॅडम, कसली जात ही? बाहेरची का?"

"हो," मी म्हटलं. "उदगीरची."

रात्री मामाला सगळं सांगितलं. "धरली का पिशवी?" त्याने विचारलं.

"धरली."

"मग बाद कसा?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काकू. "काल स्पर्धा होती ना याची? काय झालं?"

"बाद झाला."

काकूंनी बरगड्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. "होणारच. पोटात काही नको?" त्यांनी पिशवीतून डबा काढला, तूप-गूळ लावलेली पोळी उलगडली आणि चष्म्यावरून बाणाकडे बघितलं. "बस रे बाबा आधी."

बाण बसला. पूर्ण. लिफ्टच्या थंड फरशीला बूड टेकवून, शेपटी पायाभोवती घेऊन, नजर थेट काकूंच्या तोंडावर.

"शहाणा आहे हो," काकू मला म्हणाल्या. "उपाशी ठेवलंत तरी किती ऐकतो बघा."